पैठणीचं दुकान आणि लिक्विडचा कोड

समजा, येवल्यातल्या एका पैठणीवाल्याने शॉपिफायवर दुकान मांडलं. तयार थीम निवडली, फोटो चढवले, किमती लिहिल्या आणि दुकान सुरू झालं. मग गिऱ्हाइकांचे प्रश्न येऊ लागतात. साडी हातमागाची की यंत्रमागाची? पदरावर मुनिया आहे की बांगडी मोर? फॉल-पिको करून मिळेल का? पैसे साडी घरी आल्यावर दिले तर चालतील का? दुकानात गादीवर बसलेला माणूस ही उत्तरं बोलता बोलता देतो. तयार थीमला यातलं काहीच ठाऊक नसतं. टी-शर्ट आणि मेणबत्त्या विकणाऱ्यालाही ती तेवढीच उपयोगी पडावी, अशी बेतलेली असते.

इथून पुढचं काम डेव्हलपरचं. मात्र ‘वेबसाइटमध्ये थोडा बदल करून द्या’ या एका वाक्यात वेगवेगळ्या जातीची कामं दडलेली असतात. काही बदल थीमच्या फाइलींत होतात, काही माहितीच्या मांडणीत, काही बाहेर चालणाऱ्या ॲपमध्ये, तर काही थेट पैसे भरण्याच्या पानावर. प्रत्येक ठिकाणची साधनं वेगळी आणि खर्चही वेगळा. आपला बदल यापैकी कुठे बसतो हे दुकानदाराला कळलं, तर डेव्हलपरशी होणारं त्याचं बोलणंच बदलतं. कोड लिहिता येण्याची त्यासाठी गरज नाही.

शॉपिफायचा जन्मही एका दुकानदाराच्या अडचणीतूनच झाला. टोबियास ल्युट्के हा जर्मनीतून कॅनडात आलेला प्रोग्रामर. २००४ साली ओटावात त्याने आणि त्याच्या साथीदाराने स्नोबोर्ड विकण्यासाठी ‘स्नोडेव्हिल’ नावाचं ऑनलाइन दुकान काढलं. तेव्हा मिळणारी तयार सॉफ्टवेअरं मनासारखी वाकवता येईनात, म्हणून त्याने रुबी ऑन रेल्स या त्या वेळी नव्याकोऱ्या चौकटीत स्वतःच दुकान लिहून काढलं. स्नोबोर्डपेक्षा ते सॉफ्टवेअरच जास्त मोलाचं ठरलं आणि २००६ मध्ये ते शॉपिफाय या नावाने इतरांसाठी खुलं झालं.

खुलं करताना एक पेच होता. एकाच यंत्रणेवर हजारो दुकानं चालणार, प्रत्येकाला आपलं रूप वेगळं हवं, म्हणजे प्रत्येकाला कोड लिहू द्यावा लागणार. पण परक्याचा कोड आपल्या सर्व्हरवर चालवायचा म्हणजे एकाच्या चुकीने, किंवा कुणाच्या मुद्दाम केलेल्या खोडीने, सगळ्यांची दुकानं बसण्याचा धोका. यावर ल्युट्केने लिक्विड नावाची एक छोटी भाषा तयार केली. तिच्यात वस्तूचं नाव, किंमत, फोटो दाखवता येतात, ‘शिल्लक असेल तर हे दाखव, नसेल तर ते’ अशी अट घालता येते, यादी फिरवता येते. डेटाबेसला मात्र ती हात लावू शकत नाही, सर्व्हरवरची फाइल उघडू शकत नाही. तिचं दुबळेपण जाणूनबुजून ठेवलेलं आहे आणि तिची खरी ताकद तीच आहे. पुढे लिक्विड मुक्त स्रोत म्हणून सर्वांना मिळाली आणि जेकिल या संकेतस्थळं बनवण्याच्या प्रसिद्ध साधनानेही तीच स्वीकारली.

शॉपिफायची थीम म्हणजे ठरावीक नावांच्या फोल्डरांचा संच. पानाचा सांगाडा लेआउटमध्ये, पानांचे प्रकार टेम्प्लेट्समध्ये, पानावरचे तुकडे सेक्शन्समध्ये, भाषांतरं लोकेल्समध्ये. ‘कार्टमध्ये टाका’ हे बटण मराठीत हवं असेल तर लोकेल्समध्ये मराठीची फाइल ठेवायची. टेम्प्लेट उघडून प्रत्येक इंग्रजी शब्द खोडत बसण्याची गरज नाही. तरी घाईत तसं केलं जातं, आणि नंतर इंग्रजी वाचणाऱ्या परदेशातल्या गिऱ्हाइकालाही मराठीच बटणं दिसतात.

२०२१ मध्ये ‘ऑनलाइन स्टोअर २.०’ आलं तेव्हा या रचनेत मोठी सुधारणा झाली. त्याआधी मनाजोगे सेक्शन हलवण्याची मोकळीक फक्त मुखपृष्ठावर होती. आता पानाची मांडणी जेसन फाइलीत साठते, एका टेम्प्लेटमध्ये २५ पर्यंत सेक्शन बसतात आणि दुकानदार ते माउसने वरखाली करू शकतो. सोबत ‘डॉन’ ही नमुना थीमही कंपनीने मुक्त स्रोत म्हणून दिली. नव्याने शिकणाऱ्याने तिचा कोड वाचावा. इतकं नेटकं आणि फुकटचं पाठ्यपुस्तक क्वचित मिळतं.

आता पैठणीकडे येऊ. हातमाग, काठ, पदराची नक्षी, साडीची उलटी बाजू. हातमागावरच्या अस्सल पैठणीची नक्षी उलट्या बाजूनेही सुबक दिसते, म्हणून तो फोटो महत्त्वाचा. ही सगळी माहिती वर्णनाच्या चौकटीत एकाखाली एक टाइप करण्याची सवय असते, आणि ती मोडायला हवी. त्यासाठी मेटाफील्ड हे साधन आहे: प्रत्येक वस्तूला आपण ठरवलेला नवा रकाना जोडायचा, त्याचा प्रकार ठरवायचा आणि थीममध्ये तो योग्य जागी दाखवायचा. रकाना वेगळा असला की ‘फक्त हातमागाच्या साड्या दाखवा’ अशी चाळणीही लावता येते. विणकराचं नाव, गाव, फोटो अशी स्वतंत्र नोंद हवी असेल तर मेटाऑब्जेक्ट वापरतात. विणकराची माहिती एकदाच भरायची आणि त्याने विणलेल्या साऱ्या साड्यांना जोडायची. माहिती अशी मांडलेली असली की उद्या थीम बदलली तरी ती दुकानाकडेच राहते. पैसे कमी असतील तर पहिला खर्च इथे करावा.

फॉल-पिकोचं प्रकरण दिसायला सोपं आहे. ‘फॉल-पिको हवं’ अशी खूण करण्याची चौकट वस्तूच्या फॉर्ममध्ये टाकली की गिऱ्हाइकाचं उत्तर त्या ऑर्डरच्या ओळीला चिकटून येतं. याला लाइन आयटम प्रॉपर्टी म्हणतात आणि थीमच्या दोन-चार ओळींत काम होतं. पण या प्रॉपर्टीला किंमत जोडता येत नाही. फॉल-पिको फुकट देत असाल तर छान. त्याचे वेगळे पैसे घ्यायचे असतील तर ती सेवा स्वतंत्र वस्तू म्हणून कार्टमध्ये टाकावी लागते, मग साडी काढली तर फॉल-पिकोही निघावं याची व्यवस्था आली. मागणी एकाच वाक्याची, पण पैशाचा प्रश्न आला की काम कितीतरी पटीने वाढतं. अंदाजपत्रक मागताना हे आधीच सांगितलेलं बरं.

थीममधला कोड बदलण्याआधी तिची प्रत काढून ठेवणं हा धडा प्रत्येक डेव्हलपरला पहिल्या दिवशी शिकवतात. शॉपिफाय सीएलआय हे कमांडवर चालणारं साधन थीम आपल्या संगणकावर उतरवतं, बदल लगेच ब्राउझरमध्ये दाखवतं आणि त्यातलं ‘थीम चेक’ कोडमधल्या चुका पकडतं. प्रकाशित न केलेल्या थीमवर सगळं तपासता येतं. असं असताना गिऱ्हाइकं खरेदी करत असलेल्या चालू थीममध्येच कोड बदलणाऱ्याला दुकानात पाऊल ठेवू देऊ नये.

थीमचं काम दाखवण्यापुरतं. दुकानाबाहेर हिशेब जुळवणं, कुरियरची पावती काढणं, साठा दुसऱ्या यंत्रणेशी ताडून पाहणं ही कामं ॲपची. २००९ मध्ये शॉपिफायने आपला एपीआय, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरने दुकानाशी बोलण्याची ठरावीक वाट, आणि ॲप स्टोअर खुलं केलं. ॲप दुसऱ्याच सर्व्हरवर चालतं आणि परवानगी मिळेल तेवढीच माहिती मागतं. ऑर्डर आली की शॉपिफाय त्या ॲपला निरोप धाडतं, त्याला वेबहुक म्हणतात. पाच सेकंदांत पोच मिळाली नाही तर निरोप पुन्हा येतो. म्हणजे एकच ऑर्डर दोनदा कळू शकते, आणि हे लक्षात न घेता लिहिलेलं ॲप एका साडीची दोन पार्सलं काढायला सांगतं. निरोप खरोखर शॉपिफायकडूनच आला का, हे सोबतच्या सहीवरून पडताळायचं असतं. ती पडताळणी गाळली तर कुणीही खोट्या ऑर्डरी घुसवू शकतो.

ॲपबद्दल एक जुनं दुखणं सांगायला हवं. पूर्वी अनेक ॲप्स आपला कोड थेट थीमच्या फाइलींत घुसवत. ॲप काढलं तरी तो कोड तिथेच राही, पान जड करी, आणि कुठली ओळ कुणाची हे कुणाला सांगता येत नसे. दुकानदाराला फक्त एवढंच दिसे की पान उघडायला वेळ लागतो. २.० मध्ये आलेल्या ॲप ब्लॉकमुळे आता ॲपचा तुकडा थीमपासून वेगळा राहतो आणि ॲपबरोबर निघून जातो. जुनं दुकान विकत घेणाऱ्याने किंवा नव्या डेव्हलपरने हातात घेताना असा अनाथ कोड आधी शोधावा.

राहिलं पैसे भरण्याचं पान, चेकआउट. कार्डाचे तपशील तिथे येतात, म्हणून तिथला पहारा सगळ्यांत कडक. ‘प्लस’ या मोठ्या योजनेतल्या दुकानांना पूर्वी तिथली लिक्विड फाइल बदलू देत. पण प्रत्येकाने आपापल्या परीने बदललेलं पान सुधारणं कंपनीलाही अवघड होई. म्हणून ती वाट टप्प्याटप्प्याने बंद झाली. माहिती, शिपिंग आणि पेमेंट या पायऱ्यांवर १३ ऑगस्ट २०२४ ही शेवटची तारीख होती. तिच्या जागी आलेले विस्तार बंदिस्त कप्प्यात चालतात आणि शॉपिफायने दिलेल्याच घटकांतून पानावर काही मांडू शकतात.

नियम बदलायचे असतील तर ‘फंक्शन्स’ आहेत. समजा, पैठणीवाल्याला ठरावीक पिनकोडांनाच घरपोच रोख पैशांची सोय द्यायची आहे. तो नियम रस्ट किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहितात आणि त्याचं वेबअसेंब्ली या रूपात भाषांतर होतं, तेही २५६ किलोबाइटच्या आत. शॉपिफाय त्याला कार्ट आणि पत्ता देतं, तो उत्तर देतो: ‘हा पर्याय लपवा.’ गणना शॉपिफायच्याच यंत्रावर होते, त्यामुळे दिवाळीच्या गर्दीत दुसऱ्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही. परक्याचा कोड आपल्या घरात चालवण्याचा २००६ मधला पेच इथे नव्या तंत्राने सोडवलेला दिसतो. अडचण पैशाची आहे. खास आपल्यासाठी लिहून घेतलेलं फंक्शन फक्त प्लस योजनेत चालतं. छोट्या दुकानाला ॲप स्टोअरमधलं तयार ॲप शोधावं लागतं. येवल्याच्या दुकानदाराने ‘फक्त आमच्यासाठी लिहून द्या’ म्हणण्याआधी ही अट वाचावी. ती माहीत नसल्याने काम अर्ध्यात अडकू शकतं.

आणि काम झालं तरी ते संपत नाही. शॉपिफायच्या एपीआयची नवी आवृत्ती दर तीन महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीला किमान १२ महिने आधार मिळतो. त्यानंतर जुन्या आवृत्तीला हाक मारणाऱ्या ॲपला सर्वांत जुनी, पण अजून चालू असलेली आवृत्ती उत्तर देते. ॲप चालू दिसतं, पण उत्तरातला एखादा रकाना बदललेला असू शकतो आणि साठ्याचा आकडा चुकायला लागतो. म्हणून स्वतःचं ॲप बनवून घेणाऱ्याने करारातच दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: कोड दुकानदाराच्या खात्यात राहील, आणि वर्षातून एकदा, शक्यतो श्रावणाआधी, डेव्हलपर आवृत्ती तपासून देईल. सणांची खरेदी सुरू होण्यापूर्वी मग दुरुस्तीला पुरेसे आठवडे हाताशी राहतात.