रडारला विमान ‘दिसतं’ म्हणजे काय होतं?

परवा मेहरूण तलावाच्या काठावर शेजारच्या मुलीनं विचारलं, “काका, रडारला पाखरू कोणतं आणि विमान कोणतं, हे कसं कळतं?” प्रश्न इतका आवडला की सविस्तर लिहितोय.

रडार रेडिओलहरींचा छोटा स्पंद सोडतं आणि प्रतिध्वनीची वाट बघतं. १५ किमीवरून तो १०० मायक्रोसेकंदांत परततो. पण अंतर दुप्पट झालं की त्याची शक्ती १६ पटींनी घटते. लांबची वस्तू यंत्राच्या स्वतःच्याच खरखरीत बुडते.

मग किती जोराचा प्रतिध्वनी खरा मानायचा, याचा उंबरठा ठरवावा लागतो. खाली ठेवला तर खोटे इशारे, वर ठेवला तर खरं विमान निसटतं.

या पेचात माहितीचं गणित कामी येतं. क्लॉड शॅनन यांचा माहिती सिद्धांत १९४८ चा. ब्रिटिश गणितज्ञ फिलिप वुडवर्ड यांनी १९५३ च्या पुस्तकात तो रडारला लावला. त्यांचं म्हणणं असं: रिसीव्हरनं घाईनं ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणू नये. प्रत्येक अंतरावर वस्तू असण्याची शक्यता किती, ते सांगावं. कारण एकदा हो-नाही ठरवलं की बाकीची माहिती पुसली जाते, आणि पुढची कोणतीही प्रक्रिया ती परत आणू शकत नाही. मला हा विचार फार सुंदर वाटतो.

प्रत्यक्षात, पाठवलेल्या स्पंदाचा नमुना आलेल्या लहरीशी ताडून पाहतात; यात्रेच्या गोंगाटात आपल्या माणसाची हाक ओळखावी तसं.

आता पाखराचं. वेगामुळे प्रतिध्वनीची वारंवारता बदलते आणि पंखांच्या फडफडीची खूणही तीत उमटते. त्यावरून फरक करता येतो.

काही अडलं तर खाली विचारा, विशेषतः अकरावी-बारावीच्या मुलांनी.