मंदावलेला ब्राउझर : दोष कोठें शोधावा?

घरांतील संगणकावर ब्राउझर उघडावा, पत्ता लिहावा, आणि पांढऱ्या पानावर तें लहानसें चक्र नुसतें फिरत राहावें, हा अनुभव अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत असंख्य घरांना आलेला आहे. एके काळीं ही केवळ करमणुकीची अडचण होती. चित्र उशिरां दिसलें तर दिसलें. आतां तसें राहिलेलें नाहीं. रेल्वेच्या तत्काळ तिकिटांची विक्री वातानुकूलित वर्गासाठीं सकाळीं १० वाजतां आणि इतर वर्गांसाठीं ११ वाजतां सुरू होते, व पहिल्या कांहीं मिनिटांतच निकाल लागतो. बँकेकडून येणारा ओ.टी.पी. ठराविक वेळानें निकामी होतो. २०१४ च्या नोव्हेंबरांत सरकारनें ‘जीवन प्रमाण’ योजना सुरू केल्यापासून निवृत्तिवेतन घेणारे कित्येक वृद्ध हयातीचा दाखलाही घरबसल्या देऊं लागले आहेत. मुलें पुण्याला किंवा परदेशीं, आईबाप मुलुंडला, अशा घरीं संगणक अडला म्हणजे व्यवहारच अडतो. मग दुरुस्तीवाला येतो, दोन मिनिटें पाहतो आणि सांगतो, “काका, मशीन जुनं झालं, नवीन घेऊन टाका.” पुष्कळदां हा सल्ला अकारण असतो.

‘ब्राउझर मंद आहे’ हें वाक्य ‘अंगांत बरें नाहीं’ ह्या वाक्यासारखें आहे. त्यावरून दुखणें कळतें, दुखण्याचें ठिकाण कळत नाहीं. एखादें पान पडद्यावर यावयाचें म्हणजे बरेंच कांहीं घडावें लागतें. ब्राउझर प्रथम संकेतस्थळाच्या नांवावरून त्याचा अंकी पत्ता शोधून काढतो; टेलिफोनच्या डिरेक्टरींत नंबर पाहावा तसेंच हें. नंतर मागणी घरांतल्या राउटरकडे, तेथून तारेनें सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे, आणि पुढें दूरच्या संगणकाकडे जाते. परत येणारें उत्तर एकसंध नसतें. मजकूर, चित्रें, जाहिराती, हालचाल घडविणाऱ्या आज्ञा असे कधीं कधीं शेंकडों तुकडे येतात, आणि ते जुळवून पान उभें करण्याचें काम घरच्याच संगणकावर पडतें. ह्यांपैकीं कोठेंही खोळंबा झाला तरी डोळ्यांना दिसतें तें एकच चक्र.

मुंबईकराचा पहिला संशय तारेवर जातो, आणि ह्या संशयाला इतिहास आहे. विदेश संचार निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें, तेव्हां तें टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमच्या किरकिरींतून येई. एक मोठें चित्र उतरेपर्यंत चहा पिऊन होई. पुढें २००५ मध्यें महानगर टेलिफोन निगमचें ब्रॉडबँड आलें. तेंही तांब्याच्या तारेवरूनच. तांब्याच्या तारेचा स्वभावच असा कीं, घर एक्स्चेंजपासून जितकें लांब तितका वेग कमी, आणि पावसाळ्यांत जोडांत पाणी शिरलें कीं खरखर सुरू. त्या काळीं दोष बहुधा खरोखरच बाहेर असे. आज इमारतींच्या जिन्यांपर्यंत काचेची तार, म्हणजे फायबर, येऊन पोंचली आहे, आणि दोषानें आपलें बिऱ्हाड हळूहळू घराच्या आंत हलविलें आहे. संशय मात्र जुन्याच पत्त्यावर जातो. लोक अधिक वेगाची महाग योजना घेतात, आणि चक्र पूर्ववत् फिरत राहतें.

म्हणून पहिली परीक्षा बिनखर्ची करावी. जें पान रखडतें तेंच पान, त्याच वेळीं, संगणकाशेजारीं बसून हातांतल्या फोनवर घरच्याच वायफायवरून उघडून पाहावें. तेथें तें झटकन उघडलें तर तार, राउटर आणि संकेतस्थळ हीं तिन्ही बहुधा निर्दोष ठरतात. तेथेंही रखडलें तर फोनचें वायफाय बंद करून त्याच्या स्वतःच्या सिमवरून पुनः पाहावें. आतां उघडलें तर दोष घरच्या जोडणींत आहे. तरीही न उघडल्यास संकेतस्थळच गर्दीनें वाकलें असावें, आणि सकाळीं दहाच्या ठोक्याला असें होणें नवलाचें नाहीं. अशा वेळीं संगणक बदलणें म्हणजे तिकिटाच्या खिडकीवर रांग लांब आहे म्हणून चपला बदलणें होय.

दोष जोडणींत निघाला तरी तो बाहेरच्या तारेंत असेलच असें नाहीं. राउटर दाराजवळ, संगणक आंतल्या खोलींत, मध्यें दोन भिंती आणि एखादा काँक्रीटचा खांब, हें उपनगरी सदनिकेंतलें नित्याचें चित्र. शिवाय वायफायचा जुना, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अरुंद आहे; त्यांत एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच. एका मजल्यावर चार बिऱ्हाडें, खालीं-वर आणखी आठ, आणि सर्वांचे राउटर त्या तिहींवरच बोलत असतात. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत जागा अधिक, पण त्या लहरी भिंतींतून कमी जातात. राउटरपासून संगणकापर्यंत एक साधी लॅन केबल तात्पुरती ओढून पाहिली म्हणजे वायफायचा दोष तेव्हांच उघड होतो. (वेग मोजतांना एक घोटाळा टाळावा. कंपनी सांगते तो १०० चा आंकडा मेगाबिटचा असतो, आणि ८ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून १०० ची जोडणी सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरविते. त्यांत लबाडी नाहीं.) क्वचित् दोष फारच दूर असतो. समुद्रतळांतून आलेल्या केबली वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीस लागतात. अशा केबली ३० जानेवारी २००८ रोजीं इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ, आणि सप्टेंबर २०२५ मध्यें तांबड्या समुद्रांत जेद्दाजवळ तुटल्या, तेव्हां भारतांतील इंटरनेट मंदावलें होतें. त्या दिवशीं घरांतले सर्व उपाय व्यर्थ.

परंतु फोनवर पान झटकन उघडतें आणि संगणकावरच रखडतें, हाच प्रकार विशेष आढळतो. संगणकाची रॅम म्हणजे काम करावयाचें टेबल, आणि डिस्क म्हणजे घरांतला माळा. टेबलावरचा कागद हात लांबविला कीं मिळतो. माळ्यावरचा काढावयाचा तर शिडी आणावी लागते. टेबल भरलें कीं संगणक त्यावरचे कांहीं कागद माळ्यावर नेऊन ठेवतो, आणि हवे झाले कीं पुनः खालीं आणतो. हें चढणें-उतरणें एकदां सुरू झालें म्हणजे साधी टिचकीही जड होते. आजचे ब्राउझर टेबलाची जागा फार अडवितात. क्रोमनें २००८ मध्यें निघाल्यापासून निरनिराळ्या टॅबांसाठीं निरनिराळ्या प्रक्रिया चालविण्याची पद्धति ठेविली आहे. एक पान कोसळलें तरी बाकीचीं उभीं राहावींत हा तिचा हेतु, आणि तो योग्यच; पण त्याची किंमत रॅममधून द्यावी लागते. ४ जी.बी. रॅमच्या संगणकावर पंचवीस टॅब उघडे ठेवणाऱ्या गृहस्थानें चपळाईची अपेक्षा करूं नये. ‘पुढें वाचीन’ म्हणून उघडीं ठेविलेलीं पानें बहुधा कोणी वाचीत नाहीं. त्यांच्यासाठीं बुकमार्कची सोय आहे.

विंडोजवरील क्रोममध्यें शिफ्ट आणि एस्केप ह्या कळा एकत्र दाबल्या, म्हणजे कोणता टॅब आणि कोणतें एक्स्टेन्शन किती रॅम खातें ह्याची यादी समोर येते. ती पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. कूपन शोधणारें, व्याकरण तपासणारें, पी.डी.एफ. बदलून देणारें, अशीं हीं एक्स्टेन्शनें पाहुणीं म्हणून येतात आणि पोटभाडेकरू होऊन राहतात. त्यांतलीं कित्येक प्रत्येक पान उघडतांना मध्यें डोकावतात. त्यांची परीक्षा सोपी आहे. इन्कॉग्निटो खिडकींत तीं सहसा बंद असतात. तेथें पान चपळ चाललें तर संशय त्यांच्यावर धरावा, आणि एकेक बंद करून पाहावें.

कॅश पुसण्याचा उपाय जितका प्रसिद्ध तितका गुणकारी नाहीं. एकदां आणलेलीं चित्रें व इतर तुकडे पुनः मागवावे लागूं नयेत म्हणून जवळ ठेवलेला सांठा म्हणजे कॅश. तो पुसला कीं पुढच्या खेपेस सारें नव्यानें आणावें लागतें, म्हणजे गति तेवढ्यापुरती कमीच होते. पान विस्कटलेलें किंवा शिळें दिसत असेल तर कॅश अवश्य पुसावा. दर रविवारीं नेमानें पुसण्यांत कांहीं पुण्य नाहीं.

आतां माळ्याविषयीं. जुन्या संगणकांतील डिस्क म्हणजे फिरती तबकडी. मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे एक फेरा सुमारें ११ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा वाचणाऱ्या टोंकाखालीं येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावें लागतें, आणि तें टोंक सरकण्यास लागणारा वेळ निराळा. एस.एस.डी.मध्यें फिरणारें कांहींच नसतें. तेंच काम ती सुमारें एकदशांश मिलिसेकंदांत करते. आठ-दहा वर्षांच्या यंत्रांतली तबकडी काढून एस.एस.डी. घातली आणि रॅम ८ जी.बी. केली, तर नव्या यंत्राहून पुष्कळच कमी खर्चांत त्याची कळा पालटते. दुरुस्तीवाल्यास प्रथम हेंच विचारावें, आणि काम देण्यापूर्वीं घरचे फोटो व कागदपत्रें दुसरीकडे उतरवून ठेवावींत. शेजारीं इमारतीचा पुनर्विकास चालू असेल तर पंखाही उघडून पाहावयास सांगावें. त्यांत सिमेंटची धूळ बसते, आंतील चिप तापते, आणि जळूं नये म्हणून आपला वेग आपणच उतरविते.

विंडोज १० ची नित्याची मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली, आणि विंडोज ७ वर तर २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या चालत नाहींत. असें यंत्र चालतें, पण त्यावर बँकेचे व्यवहार करूं नयेत.

एक प्रकार मात्र दुरुस्तीचा नव्हेच. मंद संगणकाशीं झगडत असतां एकाएकीं पडदाभर लाल सूचना झळकते : यंत्रांत व्हायरस शिरला आहे, ह्या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. कंटाळलेला मनुष्य नेमका ह्याच घटकेस फसतो. पलीकडचा सभ्य आवाज संगणकाचा ताबा दुरून घेणारें एक ॲप बसवावयास सांगतो, आणि पुढें बँकेचें खातें उघडावयास लावतो. खरी कंपनी अशी सूचना देऊन फोन करावयास सांगत नाहीं. पान बंद होत नसेल तर ब्राउझरच बंद करावा, तेंही न साधल्यास यंत्राचें बटण दाबून धरावें. ताबा दिला गेलाच असेल तर प्रथम राउटर बंद करावा, मग बँकेस कळवावें आणि १९३० ह्या सरकारी क्रमांकावर त्याच क्षणीं फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वीं तक्रार पोंचली तर ते अडविण्याचा संभव असतो.