वैद्यकीय विद्यार्थ्यांचे संशोधनपद्धती शिक्षण

आरोग्यविषयक प्रश्न नेमका कसा मांडावा, त्याच्या उत्तरासाठी माहिती कशी जमवावी, तिचे विश्लेषण कसे करावे आणि निघालेल्या निष्कर्षावर कितपत विसंबावे, याचे वैद्यकीय विद्यार्थ्यांना दिले जाणारे शिक्षण म्हणजे संशोधनपद्धती शिक्षण होय. साथरोगशास्त्र, जीवसांख्यिकी आणि संशोधनाचे नीतिशास्त्र हे त्याचे प्रमुख घटक आहेत. बहुतेक डॉक्टर पुढे संशोधक होत नाहीत; परंतु नवे औषध किंवा नवी तपासणी स्वीकारताना प्रत्येक डॉक्टरला इतरांच्या संशोधनाची पारख करावी लागते.

पार्श्वभूमी

१९९०च्या दशकाच्या आरंभी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात गॉर्डन गायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुराव्यावर आधारित वैद्यकाची संकल्पना मांडली. ज्येष्ठांचे मत व वैयक्तिक अनुभव यांच्या जोडीला प्रकाशित पुराव्याचे पद्धतशीर मूल्यमापन करावे, हा तिचा गाभा आहे. त्यानंतर शोधनिबंधांचे चिकित्सक वाचन हा वैद्यकीय शिक्षणाचा महत्त्वाचा भाग मानला जाऊ लागला.

भारतातील स्वरूप

भारतात एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात हा विषय मुख्यतः रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र विभागामार्फत शिकवला जातो. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात साथरोगशास्त्र व जीवसांख्यिकीतील अपेक्षित कौशल्ये नमूद केलेली आहेत. पदवीपूर्व विद्यार्थ्यांना संशोधनाचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ मध्ये अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना सुरू केली. तीत विद्यार्थी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली सुमारे दोन महिन्यांचा प्रकल्प पूर्ण करतो.

एम.डी. व एम.एस. या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रबंध अनिवार्य आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते.

अध्यापनाचे विषय

अध्यापनाची सुरुवात सामान्यतः संशोधनप्रश्नापासून होते. ‘मधुमेहाचा अभ्यास’ हा प्रश्न नसून केवळ विषय आहे. कोणत्या रुग्णांत, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत आणि कोणत्या परिणामासाठी तपासायचा, हे ठरले की त्याचा प्रश्न बनतो. प्रश्नानुसार अभ्यासाचा आराखडा निवडला जातो. आजाराचे प्रमाण जाणण्यासाठी सर्वेक्षण, संभाव्य कारण शोधण्यासाठी रुग्ण-नियंत्रण किंवा पाठपुरावा अभ्यास, तर उपचाराची परिणामकारकता तपासण्यासाठी यादृच्छिक नियंत्रित चाचणी योग्य ठरते.

नमुना कोठून घेतला यावर निष्कर्ष किती अवलंबून असतो, हे महाराष्ट्रातील एका अभ्यासावरून स्पष्ट होते. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. मात्र त्यांपैकी फक्त ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झाली होती. केवळ रुग्णालयात येणाऱ्या स्त्रिया मोजल्या असत्या, तर हा आजारभार नजरेआड राहिला असता. अशा त्रुटीला निवडीतील पूर्वग्रह म्हणतात.

नीतिशास्त्र

हेलसिंकी जाहीरनामा (१९६४) व परिषदेची २०१७ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे या शिक्षणाचा आधार आहेत. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घेणे, नकार दिला तरी त्याच्या उपचारात फरक न करणे आणि अभ्यासापूर्वी नीतिशास्त्र समितीची मान्यता मिळवणे, ही तत्त्वे विद्यार्थ्यांच्या लहान प्रकल्पांनाही लागू होतात. सदोष आराखड्याचा अभ्यास हाही नैतिक प्रश्न मानला जातो. कारण त्यातून उपयुक्त ज्ञान मिळत नसताना सहभागी व्यक्तींना त्रास वा धोका पत्करावा लागतो.

मर्यादा

रुग्णसेवेचा ताण, अपुरा वेळ आणि प्रशिक्षित मार्गदर्शकांची उणीव या प्रमुख अडचणी आहेत. प्रबंध ही परीक्षेपूर्वीची औपचारिकता ठरल्यास जुन्याच विषयांची पुनरावृत्ती होते आणि संख्याशास्त्रीय काम इतरांवर सोपवले जाते. परिणामी आकडेमोड पूर्ण होते, परंतु तिचा अर्थ विद्यार्थ्याला उमगत नाही. विशेषतः संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय फरक आणि रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक यांत गल्लत होते. रक्तदाबातील अगदी किरकोळ घटही मोठ्या नमुन्यात लक्षणीय ठरू शकते. तिचा रुग्णाला उपयोग होईलच असे नाही. हा भेद ओळखता येणे ही या शिक्षणाची एक महत्त्वाची फलनिष्पत्ती मानली जाते. त्यासाठी व्याख्यानांबरोबरच शोधनिबंध वाचन मंडळे, प्रत्यक्ष माहिती-संकलन आणि लहान गटांतील चर्चा यांचा उपयोग केला जातो.