कोंबड्यांच्या शेडमधील उष्णता : हवेची किती, छताची किती?

उन्हाळ्यात ब्रॉयलर कोंबड्यांची मरतूक वाढते, वजन मिळत नाही आणि खाद्याचा खर्च अंगावर येतो, हे कुक्कुटपालक बंधू-भगिनींना नव्याने सांगायला नको. उपाय म्हणून बहुतेक ठिकाणी आधी पंखे आणले जातात. पंखे वाढतात, विजेचे बिल वाढते, आणि तरीही दुपारी दोन-तीनच्या सुमारास पक्षी पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकताना दिसतात. याचे कारण असे की, शेडमधील उष्णतेचा मोठा वाटा हवेतून येतच नाही. तो छतातून येतो.

उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण अशा तीन मार्गांनी जाते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. यांपैकी प्रारणाला मध्ये हवा लागत नाही. शेकोटीपुढे बसले की तोंड भाजते आणि पाठ गार राहते. भोवतालची हवा मात्र एकच असते. भर उन्हाळ्यात लिंबाच्या झाडाखाली आणि पत्र्याच्या छपराखाली तापमापक लावला तर आकड्यात फारसा फरक पडेलच असे नाही, पण अंगाला फरक लगेच कळतो. झाडाची पाने हवेइतकीच गरम असतात. पत्रा मात्र तापून स्वतःच शेगडी झालेला असतो. (द्राक्ष बागायतदारांना याची उलटी बाजू ठाऊक आहे. निरभ्र रात्री पाने आकाशाकडे उष्णता टाकतात आणि हवेपेक्षाही थंड होतात. म्हणून निफाडकडे थंडीच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतात.)

आता थोडा हिशेब करू. ३० फूट रुंद आणि १०० फूट लांब शेड धरा. क्षेत्र ३,००० चौरस फूट, म्हणजे सुमारे २८० चौरस मीटर. दुपारी पत्रा खालच्या बाजूने ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापला आणि पक्षी व गादीचा पृष्ठभाग ३५ अंशांवर असला, तर प्रारणाच्या नियमानुसार प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १५० वॅट उष्णता खाली येते. सबंध शेडमध्ये ती ४२ किलोवॅट होते. म्हणजे एक किलोवॅटच्या ४२ शेगड्या कोंबड्यांच्या डोक्यावर पेटवून ठेवल्यासारखे झाले. या शेडमध्ये दोन किलो वजनाचे अडीच हजार पक्षी असले तर त्यांच्या शरीरातून निघणारी उष्णतासुद्धा एवढी भरत नाही. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात आणि तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते. धापा टाकून पाण्याची वाफ बाहेर सोडणे हाच तिचा मुख्य मार्ग उरतो. छतातून येणारा हा मारा पंखा अडवू शकत नाही, कारण तो वाऱ्यातून आरपार जातो.

हाच पत्रा ६० ऐवजी ४५ अंशांवर ठेवता आला तर १५० वॅटचे ६० वॅटच्या आत येतात. म्हणून पहिला खर्च छतावर करावा.

सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. ताज्या पांढऱ्या थरावरून उन्हाचा सत्तर-ऐंशी टक्के भाग परत जातो. फेब्रुवारीअखेर छत झाडून धुऊन घ्यावे. चुन्याच्या निवळीत चिकटपणासाठी डिंक किंवा पांढरे सिमेंट मिसळून दोन हात द्यावेत. पहिला हात वाळल्यावरच दुसरा द्यावा. सिमेंटच्या पत्र्यावर चुना चांगला बसतो. जस्ती पत्र्यावर मात्र बाहेरच्या वापरासाठीचा पांढरा रंग बरा, कारण ओला चुना जस्ताला खातो. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, तेव्हा दरवर्षी हे काम करावेच लागते. जुन्या सिमेंट पत्र्यावर थेट पाय देऊ नये. तो अचानक फुटतो आणि माणूस खाली येतो. आडव्या फळ्या टाकून त्यांवरूनच चालावे. तसेच असा पत्रा कोरडा खरवडू नये, त्यातील ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

छतावर पाचट किंवा कडब्याचा थर टाकण्याची पद्धतही चांगली आहे, मात्र तो जाळीने बांधावा आणि विजेच्या तारा त्यापासून दूर ठेवाव्यात. छताखाली चकचकीत ॲल्युमिनियमचा पडदा लावायचा असेल तर पत्रा आणि पडदा यांत निदान एक-दोन इंच मोकळी हवा ठेवावी आणि चकाकी खालच्या बाजूला असावी. वरच्या बाजूला धूळ बसते आणि चकाकीचा उपयोग संपतो. पत्र्याला चिकटवून लावलेला पडदा पत्र्याइतकाच तापतो, पण चकाकी स्वच्छ असेतोवर उष्णता खाली कमी टाकतो.

छतावर पाणी शिंपडताना एक चूक सर्रास होते. नळी अखंड चालू राहते आणि पाणी पन्हळीतून वाहून जाते. थंडावा वाहत्या पाण्याने कमी आणि वाफेने अधिक येतो. एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ झाली तर ते सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जाते. म्हणून मिनिटभर शिंपडावे, पत्रा वाळू द्यावा, पुन्हा शिंपडावे. एप्रिल-मेमध्ये पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असेल तेथे हा उपाय करू नये. चुन्यावर भर द्यावा.

शहरांतील मोठ्या इमारतींतही आता हाच विचार शिरला आहे. हैदराबादजवळ पोचारम येथे इन्फोसिस कंपनीने २०११ मध्ये एका कार्यालयाचे दोन सारखे भाग केले. एका भागात नेहमीची थंड हवा खेळवली. दुसऱ्या भागात काँक्रीटच्या छतातील नळ्यांतून गार पाणी फिरवून छतच थंड ठेवले आणि हवा फक्त श्वासापुरती, कोरडी करून सोडली. दुसऱ्या भागाला थंडाव्यासाठी सुमारे एक-तृतीयांश वीज कमी लागली. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते, हे त्यामागचे एक कारण. आपल्याला शेडमध्ये नळ्या टाकायच्या नाहीत. तो खर्च परवडणार नाही आणि उघड्या शेडमध्ये दमट दिवसांत थंड छतावर दव धरेल. पण छताचे काम छताकडून आणि हवेचे काम हवेकडून करून घ्यावे, एवढा भाग उचलण्यासारखा आहे.

हवेचे काम म्हणजे ओल, अमोनिया आणि पक्ष्यांची स्वतःची उष्णता बाहेर नेणे. शेडची लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त अरुंद बाजूंवर पडते. रुंदी ३० फुटांपेक्षा जास्त नको, नाहीतर मध्यभागी वारा पोचत नाही. छपराच्या कण्यावर गरम हवेला वाट ठेवावी. पंखे पक्ष्यांच्या उंचीवर वारा देतील असे लावावेत. मात्र विदर्भात पारा ४३-४४ वर गेला की हवा कोंबडीच्या अंगापेक्षा गरम असते आणि नुसता पंखा तिला उलट तापवतो. तेथे बाजूंना ओले बारदान किंवा फॉगर हवेच. कोकणात नेमके उलट आहे : हवा आधीच दमट, त्यात फॉगर लावला तर पक्ष्याची धाप निकामी होते.

हिवाळ्यात पिलांना ऊब देताना हेच तत्त्व पैसे वाचवते. पहिल्या आठवड्यात पिलाला ३२ ते ३५ अंश लागतात आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करता येतात. त्यासाठी सगळी शेड तापवण्याची गरज नाही. चिक गार्डच्या आत, परावर्तक टोपीखाली बल्ब किंवा गॅस ब्रूडर लावला तर ऊब सरळ पिलांवर आणि गादीवर पडते. बल्बसाठी एका पिलामागे एक ते दोन वॅट हा अंदाज चालतो; पण तो जुन्या तारेच्या बल्बचा आहे. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. तापमापकापेक्षा पिलांकडे पाहावे. दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, कडेला पळाली तर उष्णता जास्त, एकाच बाजूला दाटली तर दुसरीकडून वारा शिरतो आहे. ऊब कोंडण्यासाठी पडदे गच्च बंद करण्याची सवय मात्र सोडावी, विशेषतः कोळशाची शेगडी असेल तर. तिचा विषारी वायू पिलांनाच नव्हे, आत झोपणाऱ्या माणसालाही मारतो. पडदा खालून बांधावा आणि वरून उघडता यावा, म्हणजे पिलांवर वारा न येता वरची कोंदट हवा बाहेर जाते. आत शिरल्यावर डोळे चुरचुरले तर पडदा ताबडतोब आणखी खाली घ्यावा.

आपल्या शेडमध्ये दोष छताचा की हवेचा, हे घरीच तपासता येते. दोन सारखे तापमापक घ्या. एकाचा फुगा टेबल टेनिसच्या चेंडूला भोक पाडून आत बसवा आणि चेंडू बाहेरून काळा रंगवा. दोन्ही पक्ष्यांच्या उंचीवर, थेट ऊन पडणार नाही असे शेजारी-शेजारी टांगा आणि दुपारी दोन वाजता वाचा. काळा चेंडू दोन-तीन अंशांनी किंवा अधिक वर असेल तर पंख्याची चौकशी थांबवून आधी चुना आणावा. दोन्ही जवळपास सारखे आणि दोन्ही चढे असतील, तर छत आपले काम करते आहे. मग वारा आणि पाणी यांकडे वळावे.