जुन्या संगणकावर सॉफ्टवेअर टाकताना 'फाईल मिसिंग' एरर का येते आणि ती कशी काढायची?



आपल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये संगणक बहुधा एकच चालू असतो आणि तोही विंडोज ७ च्या काळातला. निकालपत्रकं त्यातच, शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका त्यातच, विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांची यादीही त्यातच. अशा संगणकावर नवीन सॉफ्टवेअर टाकायला गेलं की सेटअप शेवटपर्यंत जातो आणि मग लाल फुलीचा चौकोन समोर येतो. जळकोट परिसरातले शिक्षक फोनवर सांगतात तसं, "सर, सेटअप टाकलं की एरर यायलाय बघा, कोणती तरी डीएलएल नाही म्हणतंय." पुढचा प्रवास ठरलेला असतो. सीपीयू मांडीवर धरून नळदुर्ग नाहीतर सोलापूर गाठायचं, दुकानदार म्हणणार "फॉरमॅट मारावं लागतंय", आणि फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्हवरचं, म्हणजे डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्समधलं, सगळं जाणार.

यातल्या बऱ्याच एरर फॉरमॅट न करता निघतात. पण त्यासाठी ती एरर काय सांगते आहे हे आधी समजायला हवं.

डीएलएल म्हणजे काय? गावात प्रत्येक घरात पिठाची गिरणी नसते. ज्वारी घरची, पण दळायला सगळे एकाच गिरणीवर जातात. संगणकातही तसंच आहे. अक्षरं दाखवणं, आकडेमोड, फाईल उघडणं अशी रोजची कामं प्रत्येक सॉफ्टवेअर स्वतः करत बसत नाही. त्यासाठी काही सामाईक फायली असतात, त्या डीएलएल. नवीन सॉफ्टवेअर आपलं धान्य घेऊन येतं, आणि ज्या गिरणीचा पत्ता त्याच्याकडे लिहिलेला असतो ती गिरणीच तिथे नसेल तर ते थांबतं.

आता गिरणी न सापडण्याची कारणं वेगवेगळी असतात. एक तर ती गिरणी त्या गावात कधी बांधलीच नव्हती. दुसरं, होती पण मोडून पडली. तिसरं, आहे पण दुसऱ्या मापाची आहे. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ तिन्हींवर एकच औषध देतात, म्हणून तासभर खपूनही एरर जशीच्या तशी राहते.

पहिलं काम म्हणजे त्या चौकोनाचा मोबाईलवर फोटो काढा. "काहीतरी डीएलएल मिसिंग" एवढ्यावर कोणीच मदत करू शकत नाही. फाईलचं पूर्ण नाव लागतं. दुसरं काम, शाळेच्या सगळ्या महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. एरर साधी असली तरीही. तिसरं काम अगदी बारीक आहे, पण ते कोणी करत नाही: खाली कोपऱ्यात तारीख बघा. रोज संगणक चालू केला की २००९ किंवा असलंच एखादं जुनं साल दिसत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपलेला आहे. तारीख चुकली की सुरक्षित वेबसाईट उघडत नाहीत आणि सॉफ्टवेअरवरची डिजिटल सही कधी कधी अवैध ठरते. किरकोळ किमतीच्या सेलपायी लोक विंडोज बदलतात.

मग विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत 'विनव्हर' असं इंग्रजीत टाइप करा. कोणतं विंडोज आहे ते कळेल. विंडोज ७ असेल तर त्यापुढे 'सर्व्हिस पॅक १' लिहिलेलं आहे का ते पाहा. नसेल तर आजचं जवळजवळ कोणतंच सॉफ्टवेअर त्यावर नीट बसणार नाही, आधी तो पॅक टाकावा लागेल. कॉम्प्युटरच्या चिन्हावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ३२ बिट की ६४ बिट तेही टिपून घ्या. सी ड्राइव्हवर जागा किती उरली आहे हेही बघून ठेवा.

आणि हो, सेटअपची फाईलच अर्धवट असू शकते. पेन ड्राइव्हवरून या शाळेतून त्या शाळेत फिरलेला किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवरून आलेला सेटअप असेल तर तो बाजूला ठेवून मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरून पुन्हा उतरवा. 'इंटिग्रिटी चेक फेल्ड' अशी एरर असेल तर दोष बहुतेक वेळा विंडोजचा नसून त्या फाईलचा असतो.

आता पहिला प्रकार, कधी नव्हतीच ती गिरणी. जुन्या संगणकावर सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार हाच. फोटोमधल्या नावात 'व्हीसीरनटाइम १४०', 'एमएसव्हीसीपी १४०' किंवा 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी' असं काही दिसलं तर समजा की तुमचं विंडोज बिघडलेलं नाही. या फायली व्हिज्युअल सी प्लस प्लस नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनाने बनवलेल्या सॉफ्टवेअरना लागतात. 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी'वाल्या फायली विंडोज १० मध्ये, म्हणजे २०१५ पासून, अंगभूत आल्या. विंडोज ७ त्याच्या कितीतरी आधीचं, २००९ चं. त्यात त्या असणार कुठून?

उपाय असा: मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल' नावाचं मोफत पॅकेज घ्यायचं. विंडोज ७ असेल तर त्या पॅकेजच्या माहितीत विंडोज ७ चं नाव आहे ना, हे वाचूनच घ्या. संगणक ६४ बिटचा असला तरी एक्स८६ आणि एक्स६४ अशी दोन्ही पॅकेजं टाका, कारण तुमचं सॉफ्टवेअर ३२ बिटचं असू शकतं. विंडोज ७ वर 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी'ची एरर तरीही राहिली तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगमध्ये केबी २९९९२२६ हा क्रमांक इंग्रजीत टाकून शोधा. तो अपडेट नेमका याच फायलींसाठी काढलेला आहे. नंतर संगणक बंद करून चालू करा. बहुतेकांचं काम इथेच संपतं.

याच गटातलं आणखी एक: 'डॉट नेट फ्रेमवर्क' मागणारी एरर. विंडोज ७ सर्व्हिस पॅक १ वर चालणारी शेवटची आवृत्ती ४.८ आहे. विंडोज १० वर एखादं जुनं सॉफ्टवेअर ३.५ मागत असेल तर ते कंट्रोल पॅनेलमधल्या 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' इथून फक्त चालू करायचं असतं.

विंडोज ७ वर डिजिटल सही ओळखता येत नाही म्हणून सेटअप किंवा ड्रायव्हर नाकारला जातो, तेही याच जातीचं दुखणं. सह्यांची पद्धत बदलली आणि जुन्या विंडोजला नवी सही वाचता येईना. त्यासाठी २०१९ मध्ये दोन अपडेट आले. आधी केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९, याच क्रमाने टाका.

दुसरा प्रकार, मोडलेली गिरणी. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि शाळेच्या यूपीएसची बॅटरी बहुधा संपलेलीच असते. विंडोज काहीतरी लिहीत असताना लाइट गेली की फाईल अर्धी लिहून राहते. व्हायरसमुळे किंवा हार्ड डिस्क झिजल्यामुळेही हे होतं. अशा वेळी विंडोजचं स्वतःचं दुरुस्तीचं हत्यार वापरायचं. स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधा, त्यावर उजवं क्लिक करून 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. काळ्या खिडकीत एसएफसी, मग एक जागा सोडून तिरपी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावरची), आणि तिला चिकटून स्कॅननाऊ हा एकच शब्द, सगळं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. जुन्या संगणकाला अर्धा तास किंवा जास्तही लागू शकतो. टक्केवारी अडकल्यासारखी वाटली तरी बंद करू नका.

शेवटी इंग्रजीत तीनपैकी एक वाक्य येतं. दोष सापडला नाही. दोष सापडला आणि दुरुस्त केला. किंवा दोष सापडला पण काही फायली दुरुस्त करता आल्या नाहीत. हे तिसरं वाक्य वाचून लोक घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की विंडोजने चांगल्या फायलींचा जो राखीव साठा स्वतःजवळ ठेवलेला असतो त्यातलीही प्रत खराब आहे. विंडोज ८ किंवा १० असेल तर त्याच खिडकीत 'डिझम'ची रिस्टोअरहेल्थ आज्ञा चालवतात. ती इंटरनेटवरून चांगली प्रत आणते. मग एसएफसी पुन्हा चालवायची. विंडोज ७ मध्ये रिस्टोअरहेल्थ नाही. तिथे मायक्रोसॉफ्टचं 'सिस्टिम अपडेट रेडीनेस टूल', क्रमांक केबी ९४७८२१, वापरतात.

एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. एसएफसी फक्त विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासते. 'एमएसव्हीसीपी १४०' ही तिच्या यादीतच नाही. त्यामुळे पहिल्या प्रकारच्या एररवर एसएफसी दहा वेळा चालवली तरी उपयोग शून्य.

एसएफसीने दुरुस्त केलेली फाईल आठवड्याभरात पुन्हा खराब होत असेल तर संशय हार्ड डिस्कवर घ्या. 'चेकडिस्क' चालवण्याआधी सगळा डेटा बाहेर काढा, कारण मरायला टेकलेल्या डिस्कवर ती तपासणी ताण देते. आणि यूपीएस नसेल तर ती दुपारी लाइटच्या भरवशावर सुरू करू नका.

तिसरा प्रकार मापाचा. 'नॉट अ व्हॅलिड विन ३२ अॅप्लिकेशन' किंवा '०एक्ससी०००००७बी' असा क्रमांक दिसला तर ३२ आणि ६४ बिटचा घोळ असण्याची शक्यता मोठी. ३२ बिटच्या विंडोजवर ६४ बिटचं सॉफ्टवेअर चालतच नाही, ३२ बिटचा सेटअप शोधा. गंमत म्हणजे ६४ बिटच्या विंडोजमध्ये 'सिस्टिम ३२' नावाच्या फोल्डरात ६४ बिटच्या फायली असतात आणि '६४' नाव असलेल्या 'सिसवॉव ६४' मध्ये ३२ बिटच्या! हाताने फाईल टाकणाऱ्यांची अर्धी फजिती इथेच होते.

हाताने फाईल टाकणं, हाच खरा धोक्याचा भाग आहे. एररचं नाव गुगलवर टाकलं की 'डीएलएल मोफत डाउनलोड' म्हणणाऱ्या साईट समोर येतात. फाईल घ्या, सिस्टिम ३२ मध्ये टाका, झालं, असं त्या सांगतात. कधी कधी एरर जातेही. पण गिरणीत कोणी अनोळखी माणूस येऊन बसला आणि पीठ चांगलं आलं म्हणून आपण तो कोण हे विचारलंच नाही, अशातला हा प्रकार. ती फाईल कोणी बनवली, त्यात काय भरलं, हे तपासायला आपल्याकडे साधन नाही. तुमचं सॉफ्टवेअर जे जे वाचू शकतं ते ते त्या फाईललाही वाचता येतं. आणि त्याच संगणकात आपल्या पोरांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पालकांचे मोबाईल, बँक खाती आहेत. घरच्या संगणकावर कोणी काय करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण शाळेच्या संगणकावर अशी फाईल अजिबात टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. डीएलएल एकटी घ्यायची नसते, ज्या पॅकेजमधून ती येते ते पॅकेज घ्यायचं. एरर आणून देणारं सॉफ्टवेअर 'अँटीव्हायरस बंद करून टाका' असं सांगत असेल तर ते सॉफ्टवेअरच सोडून द्या.

आता मराठीचं. बऱ्याच शिक्षकांना एरर येते ती मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकताना. ज्यांनी एमएस-सीआयटी विंडोज एक्सपीवर केली त्यांना आठवत असेल, तेव्हा मराठी चालू करायला रीजनल सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'समोर टिक करावी लागे आणि संगणक एक्सपीची सीडी मागे. ती टाकली नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं पाय मोडून पडायची. अक्षरं जुळवणारी यंत्रणा बसवायला त्या सीडीवरच्या फायली लागत. विंडोज ७ पासून पुढे ती अंगभूत आहे. शिवाय मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही आत आहेच: कंट्रोल पॅनेल, रीजन अँड लँग्वेज, कीबोर्ड्स, तिथे मराठी जोडा. विंडोज १० मध्ये २०१९ च्या १९०३ या आवृत्तीपासून उच्चारानुसार टाइप करायचा मराठी फोनेटिक कीबोर्डही मिळतो. ग्रुपवर फिरणारा कोणाचा तरी सेटअप टाकायची गरजच नाही. इनस्क्रिप्ट शिकायला आठ-पंधरा दिवस जड जातात, एवढंच.

ऑनलाइन माहिती भरायलाही वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, ब्राउझर लागतो. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ आहे. त्यापुढचा सेटअप टाकला तर एरर येणारच, ती दुरुस्त करत बसू नका. फायरफॉक्सची ११५ क्रमांकाची ईएसआर आवृत्ती मात्र विंडोज ७ वर चालते.

कुठे थांबायचं तेही ठरवायला हवं. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चे सर्वसाधारण सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद केले, विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ ला. एरर काढून संगणक चालू झाला तरी इंटरनेटवर तो उघड्या दाराचा राहतो. ज्या शाळेत दोन संगणक आहेत तिथे विद्यार्थ्यांची माहिती नव्यावर ठेवावी आणि जुना मुलांना टायपिंग, चित्रकला, गणिताचे खेळ यासाठी इंटरनेटशिवाय द्यावा. दोन जीबी रॅमच्या संगणकावर लुबुंटूसारखं हलकं लिनक्स टाकून बघायलाही हरकत नाही. ते मोफत आहे, पेन ड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येतं, आणि केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुलं गेली कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकत आहेत.

आणि संगणक भंगारात काढायची वेळ आलीच, तर हार्ड डिस्क आधी खोलून काढून घ्या आणि कपाटात कुलूपबंद ठेवा. फॉरमॅट मारलेल्या डिस्कवरूनही जुन्या याद्या परत काढता येतात.

तुमच्या संगणकावर यापेक्षा वेगळी एरर येत असेल तर फाईलचं पूर्ण नाव, विंडोजची आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट एवढं लिहून कळवा.