चाकांवरचें घर आणि स्नेह्यांच्या भेटी

प्रवासास निघणारा मनुष्य घर मागें ठेवून जातो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तो सर्व काळीं व सर्वत्र खरा नव्हता, हें दारव्ह्याकडील रहिवाशास तरी निराळें सांगावयास नको. या तालुक्यांत आणि शेजारच्या दिग्रस, पुसद, मानोरा या भागांत ज्या बंजारा समाजाचे तांडे आज वसलेले दिसतात, त्याचे पूर्वज पिढ्यान् पिढ्या आपला संसार बैलांच्या पाठीवर घालूनच हिंडत. मीठ आणि धान्य एका मुलखांतून दुसऱ्या मुलखांत पोंचविणें हा त्यांचा धंदा. सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत आलेल्या ताव्हेर्निये नांवाच्या फ्रेंच व्यापाऱ्यानें दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचें लिहून ठेविलें आहे. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, तर तो पुरता निघून जाईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहावें लागे. पुढें आगगाडी आली, बैलांच्या पाठीवरचा व्यापार बसला आणि तांडे एके ठिकाणीं स्थिरावले. वस्तीस मात्र तांडा हेंच नांव राहिलें.

आज ज्या मोटारीस कॅरॅव्हॅन म्हणतात, तिचें नांवही फार्शी ‘कारवान’ शब्दावरूनच आलेलें आहे, आणि कारवान म्हणजे तांडाच. इंग्रजी नांवानें ही वस्तु परत आली, म्हणून ती आपल्यास परकी मानण्याचें कारण नाहीं. युरोपांत घोड्यांच्या रंगीत गाड्यांतून संसार करणारे रोमा लोक मूळचे हिंदुस्थानचे, हें भाषाशास्त्रज्ञांनीं केव्हांच दाखवून दिलें आहे. ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स म्हणून जो डोंगराळ प्रांत आहे, तेथील रोमा कुटुंबांच्या बोलीचा मोठा ग्रंथ जॉन सॅम्प्सन या विद्वानानें 1926 सालीं प्रसिद्ध केला. पाणी, कान, नाक, दोन, पांच या अर्थांचे त्या बोलींतील शब्द मराठी मनुष्यास कोणीं न शिकवितां ओळखतां येतील, इतके जवळचे आहेत. या लोकांच्या गाड्या पाहूनच सुखवस्तु इंग्रजांस हौस सुटली. गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या निवृत्त डॉक्टरानें 1885 सालीं केवळ सहलीकरितां दोन घोड्यांची एक घर-गाडी बांधवून घेतली व तींतून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. त्याचा चाकर तीन चाकी सायकलवर पुढें जाऊन रस्ता मोकळा आहे कीं नाहीं तें पाही. 1907 सालीं तिकडे अशा प्रवाशांचा क्लबही स्थापन झाला. पुढें घोडे गेले, मोटार आली. आणि आज वेल्सच्या डोंगरांतून व समुद्रकांठानें अशीं घरें घेऊन हिंडणारीं, वाटेंत जुन्या मित्रांच्या दारीं एकेक रात्र थांबणारीं वृद्ध जोडपीं हें तेथें नित्याचें दृश्य आहे.

या मोटारीची रचना फारशी अवघड नाहीं. पुढें चालकाची जागा; मागें लहानशी खोली. दिवसा बसावयाच्या बांकाचाच रात्रीं बिछाना होतो. शेगडी गॅसवर चालते. बॅटऱ्या दोन असतात. एक इंजिन सुरू करण्याची व दुसरी घराच्या दिव्या-पंख्याची. दुसरी वेगळी ठेवण्याचें कारण असें, कीं रात्रभर पंखा चालवून ती रिकामी झाली, तरी सकाळीं गाडी निघावयास अडचण पडूं नये. गाडी चालतांना इंजिन दोहींसही भरतें, आणि टपावर सूर्यप्रकाशापासून वीज करणारी तावदानें असल्यास उभ्या गाडींतही बॅटरी भरते. स्वच्छ पाण्याची टांकी एक व सांडपाण्याची दुसरी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलोचें ओझें. यासाठीं जाणता मनुष्य टांकी गच्च भरून निघत नाहीं, मुक्कामाच्या गांवीं भरतो. शौचकूपाची पेटी काढतां येते. ती योग्य जागींच रिकामी केली पाहिजे. नाल्यांत ओतणारा मनुष्य यजमानाच्या गांवास घाण देऊन जातो, आणि त्यास पुन्हा कोणी बोलावणार नाहीं.

महाराष्ट्र शासनानें 2021 सालीं कॅरॅव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. त्यांत गाड्यांबरोबरच त्या उभ्या करण्यासाठीं पाणी, वीज व रस्ता असलेल्या जागांचाही विचार आहे. पुण्या-मुंबईकडे अशा गाड्या चालकासह भाड्यानेंही मिळतात. मात्र हें सर्व थंड हवेचीं ठिकाणें आणि समुद्रकिनारा डोळ्यांपुढें ठेवून चाललेलें दिसतें. वऱ्हाडांतल्या मनुष्यास या गाडीचा खरा उपयोग निराळाच आहे.

तो समजण्यासाठीं शकुंतलेची आठवण केली पाहिजे. किलिक-निक्सन कंपनीनें काढलेली मूर्तिजापूर-यवतमाळ ही अडीच फूट रुंदीच्या रुळांची 113 किलोमीटरांची गाडी दारव्हा-मोतीबागवरून जाई. 1994 पर्यंत तिला वाफेचें इंजिन होतें, आणि तिच्या मंद चालीची थट्टा सर्वांनींच केली. परंतु त्या मंदपणाचा एक गुण कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. उत्तरकाळांत तिची दिवसांतून एकच फेरी होत असल्यामुळें कारंज्यास किंवा मूर्तिजापुरास गेलेल्या पाहुण्यास त्याच दिवशीं परततां येत नसे. मुक्काम करणें भागच पडे. त्याआधींच्या पिढीची दमणीही तशीच. बैलांस विसांवा द्यावयाचा, म्हणजे माणसांसही मिळे. रात्रीचीं जेवणें झाल्यावर अंगणांत बाजा टाकून ज्या गोष्टी निघत, त्या दिवसा निघत नसत. आतां ती गाडी बंद झाली. यवतमाळ अवघें चाळीस किलोमीटरांच्या आसपास. मोटारीनें मनुष्य तासाभरांत पोंचतो, चहा घेतो, प्रकृतीची चौकशी करतो आणि दिवे लागणीच्या आंत घरीं येतो. वेग वाढला आणि भेटींतून रात्र नाहींशी झाली.

वेल्समध्यें अशाच बंद पडावयास आलेल्या टाल्लीन नांवाच्या लहान रेल्वेचा कारभार 1951 सालीं हौशी लोकांनीं वर्गणी काढून स्वतः चालवावयास घेतला व ती आजही चालते, हें जातां जातां सांगावयास हरकत नाहीं. इकडे 2024 सालीं वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रुंद मार्गाचा कळंबपर्यंतचा भाग सुरू झाला, आणि तो मार्ग पुढें दारव्ह्यावरून जावयाचा आहे. ती सोय मोठीच होईल. पण मुक्काम त्यानें परत येणार नाहीं.

कारण मुक्काम न करण्याचीं कारणें वेगाहून खोल आहेत. सत्तरी गांठलेला मनुष्य मित्राकडे राहावयास कचरतो. मित्राचें घर आतां दोन खोल्यांचें, सून नोकरी करणारी. पाहुण्यास पथ्याचें जेवण हवें, रात्रींतून तीनदां उठावें लागतें, खालीं बसवत नाहीं. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशीं पई, तिसऱ्या दिवशीं राही त्याची अक्कल जाई, ही म्हण पूर्वी चेष्टेनें म्हणत. आतां वृद्ध मंडळी ती स्वतःस लावून घेतात. मग दोन जुने स्नेही एकमेकांस लग्नाच्या मांडवांत तरी भेटतात, नाहीं तर त्यांतील एक दुसऱ्याच्या तेराव्यास जातो.

चाकांवरचें घर नेमकी ही अडचण दूर करतें. पाहुण्याचा बिछाना, औषधें व शौचकूप त्याच्याबरोबरच असतात. तो अंगणांत किंवा शेतांतील खळ्यावर गाडी उभी करतो, आणि यजमानाच्या घरांतील एकही खाट हलत नाहीं. यावर आक्षेप असा येईल, कीं दारीं येऊन बाहेर झोपणारा पाहुणा हा यजमानाचा अपमानच नव्हे काय? आक्षेप खोटा नाहीं. वऱ्हाडांत पाहुण्यानें घरचें अन्न नाकारणें कोणी सहज विसरत नाहीं. यासाठीं रात्रीचें जेवण यजमानाकडेच घ्यावें, आणि आग्रह होईल तितकें घ्यावें. सकाळचा चहा मात्र गाडींत करून यजमान-यजमानीणबाईंस तेथें बोलवावें. यांत एक मौज आहे. पाहुणा यजमानाच्याच अंगणांत यजमान होतो. आणि सकाळीं उठून दुसऱ्याच्या हातचा चहा आयता मिळण्याचा योग ज्या गृहिणीस चाळीस वर्षांत आला नसेल, तिला तो येतो. अशा पाहुण्यास दुसऱ्या दिवशींही राहा म्हणतील.

हंगामाचा विचार अवश्य करावा. पावसाळ्यांत काळ्या जमिनींत बैलगाडी रुतते, तेथें तीन टनांच्या मोटारीची काय कथा? वैशाखांत पत्र्याची ही खोली भट्टीसारखी तापते. चैत्रांत रामनवमीस पोहरादेवीची मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत मानोरा-दिग्रस वाटेस अशी गाडी घालूं नये. दिवाळी आटोपल्यापासून माघापर्यंतचे दिवस सर्वांत चांगले; तेव्हां वेचणीचा कापूस घरीं येत असतो, आणि शेतकरी मित्र कामांत असला तरी मनानें प्रसन्न असतो. खेड्यांतून विजेच्या तारा खालीं लोंबतात. यासाठीं गाडीची उंची चालकापुढें लिहून ठेवावी. गल्लींत शिरण्यापूर्वी एकानें उतरून पुढें पायीं जावें, म्हणजे त्या डॉक्टराच्या चाकराचें काम करावें.

वाटेचा क्रम लावतांना नकाशा पाहून जवळचा आधीं, दूरचा मागाहून, असा हिशेब बहुतेक जण करतात. दिग्रस, पुसद, मग उमरखेड, आणि परततांना कारंजा, हा क्रम पेट्रोलाच्या दृष्टीनें ठीक आहे. पण कारंज्याचा मित्र वयानें सर्वांत वडील असेल आणि त्यास दिसावयास कमी लागलें असेल, तर साठ-सत्तर किलोमीटरांचा फेरा पडला तरी चालेल, पहिला मुक्काम कारंज्यास करावा.