कसबाचे वतन

पुणे-नाशिक रस्त्यावर मोशी ओलांडून इंद्रायणीचा पूल मागे टाकला, की चाकणच्या अलीकडे खेड तालुक्यातील कुरुळी लागते. ज्या शिवारात सुगीवर वर्षाचा हिशेब बसत असे, तेथे आज कारखान्यांच्या पाळ्यांवर दिवसाचा हिशेब बसतो. आणि पाळी सुटताच, गळ्यात ओळखपत्र अडकवून बसची वाट पाहणाऱ्या तरुणांत मराठवाड्याची, विदर्भाची व बिहारची बोली एकाच वेळी कानी पडते. नव्या माणसाला येथे पहिला प्रश्न गावाचा विचारतात आणि दुसरा मुदतीचा: "किती महिन्यांचं आहे?" नायजेरियाचा फुटबॉलपटू, आघाडीवीर कालू उचे याच्या कारकिर्दीचे मर्म मला याच प्रश्नापाशी उमगले.

1982 साली आबा या शहरात जन्मलेला हा खेळाडू तरुणपणीच पोलंडच्या विस्वा क्राकोव्हकडे गेला आणि 2005 मध्ये स्पेनच्या आल्मेरियात दाखल झाला. उनाई एमेरी यांच्या मार्गदर्शनाखाली तो संघ 2007 मध्ये तेथील सर्वोच्च श्रेणीत चढला, तेव्हा त्या चढणीत उचेही सहभागी होता.

2010 च्या विश्वचषकात नायजेरियाला तीन सामन्यांत अवघा एक गुण मिळाला. परंतु संघाच्या तीन गोलांपैकी दोन उचेचे होते. ब्लूमफाँटेनला ग्रीसविरुद्ध त्याने डावीकडून मारलेली फ्री किक गोलपुढच्या गर्दीवरून वळत गेली, तिच्यासाठी उडी घेतलेल्या सहकारी ओडेमविंगीला न शिवताच टप्पा घेऊन जाळ्यात शिरली. पाच दिवसांनी डर्बनला दक्षिण कोरियाविरुद्ध उजवीकडून क्रॉस आला, तेव्हा बचावपटू चा दु-री चेंडूकडे पाहत असतानाच उचे त्याच्यापुढे सरकला आणि त्याने चेंडू गोलात धाडला. चेंडू येण्यापूर्वीच त्याची जागा हेरणे, हेच आघाडीपटूचे खरे कसब.

पुढे स्वित्झर्लंडच्या नोशातेल झामाक्सशी त्याचा करार झाला. पण 2012 च्या आरंभी त्या क्लबचे दिवाळे निघाले, आणि उचेला एस्पान्योल, तुर्कस्तानचा कासिमपाशा, कतारचा अल रय्यान, लेवांते अशी नवी नवी दारे ठोठावावी लागली. 2015 मध्ये एफसी पुणे सिटीने त्याला बालेवाडीला आणले. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या त्या मैदानावर, प्रशिक्षक डेव्हिड प्लॅट यांच्या संघात, मुतू आणि तुनजाय यांच्यासारख्या नामांकितांबरोबर तो खेळला. पुण्याला बाद फेरी गाठता आली नाही आणि काही महिन्यांचा तो मुक्काम संपला. तथापि 2017-18 च्या हंगामात, पस्तिशी गाठलेल्या याच माणसाने दिल्लीच्या संघासाठी 13 गोल केले, आणि त्यानंतर तो कोलकात्याच्या एटीकेकडून खेळला.

2019 मध्ये पुणे सिटीही बंद पडली व भारतीय फुटबॉल लीगमधील तिची जागा हैदराबादला गेली. ज्या दफ्तरांत उचेचे करार नोंदले गेले, त्यांपैकी दोन अशी मिटली. विजेत्यांच्या यादीवरूनच खेळाडूची किंमत ठरवणाऱ्यास या कारकिर्दीत विखुरलेपणा दिसेल. मला मात्र तीत एक निष्ठा दिसते. मुदत मालकाच्या हाती असते, परंतु कसब हे कसबी माणसाचे स्वतःचे वतन असते, आणि त्यावर कोणत्याही दिवाळखोरीची जप्ती येत नाही.

रात्रपाळीची बस आली, की कुरुळीच्या फाट्यावरचा तरुण डबा सावरत आत चढतो. कुठल्या तरी यंत्रावर त्याचा हात बसलेला असतो, आणि पुढल्या मुदतीत फाटक बदलले तरी तो हात त्याच्यासोबतच जाणार असतो.